नारायण वामन टिळक पूर्ण शिकवा

प्रति,
रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांस,



आपल्या जिल्ह्याने मराठीला दोन टिळक दिले. लोकमान्यांच्या जन्मस्थानी रत्नागिरीच्या टिळक आळीत शाळांच्या सहली येतात, मुले वाडा पाहतात, नमस्कार करून जातात. त्यांच्यानंतर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १८६१ रोजी, याच जिल्ह्यातल्या करजगावी दुसरे टिळक जन्मले. नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ या ज्या कवितेने पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांचे डोळे भरून आले ती कविता त्यांची. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख आपण वर्गात सांगता आणि ती खरीच आहे. पण ती निम्मी ओळख आहे. उरलेली निम्मी सांगितली जात नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

टिळक ख्रिस्ताचे भक्त होते. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १० फेब्रुवारी १८९५ला, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरचे चोवीस वर्षांचे सारे लेखन त्या श्रद्धेतून आले. ‘अभंगांजली’ ही ख्रिस्ताला वाहिलेली अंजली आहे. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आहे. हे बाजूला ठेवून टिळक शिकवणे म्हणजे विठ्ठल वगळून तुकोबा शिकवण्यासारखे आहे. तसे आपण कधी करणार नाही. मग टिळकांच्या बाबतीत का होते?

मी रत्नागिरीचा आहे आणि ख्रिस्ती आहे. जिल्ह्यात आम्ही फार थोडे, लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. “मूळ गाव कुठलं, गोवा की वसई?” हा प्रश्न आम्हांला सवयीचा आहे. मी जिल्ह्यातले गाव सांगितले की समोरचा क्षणभर थांबतो आणि पुन्हा विचारतो, “तसं नाही, त्याच्या आधीचं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला खरोखरच वाटते की ख्रिस्ती माणूस कुठून तरी आलेला असणार. आमचे मराठी चांगले असले तर त्याचे कौतुक होते, जणू ते आम्ही नंतर शिकलो. मोठ्या माणसाला याचे फारसे काही वाटत नाही. पण सातवी-आठवीतल्या मुलीला हाच प्रश्न वर्गातल्या मैत्रिणींनी विचारला की ती घरी येऊन आईला विचारते, “आपण इथले नाही का?” तिला उत्तर देण्याचे काम आईवडिलांचे आहे, आणि ते आम्ही करतो. पण त्याच वर्गात करजगावचे टिळक पूर्ण शिकवले गेले, तर तिला तो प्रश्न पडायचेच कारण उरणार नाही.

आमच्या देवळात ‘उपासना संगीत’ नावाचे गीतांचे पुस्तक असते. त्यात टिळकांची गीते जागोजागी आहेत. रविवारी पेटी-तबल्यावर, टाळांच्या साथीने ती गायली जातात. त्यांत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायकांनाही ती तोंडपाठ असतात. ज्या कवीची ओळख शाळेत फुलांपाशी थांबते, तो कवी या माणसांच्या आनंदात, आजारपणात आणि मृत्यूच्या वेळी त्यांच्या सोबत असतो. मराठी कवितेला वारकरी संतांनंतर लोकांच्या ओठांवर अशी जागा फार थोड्यांनी मिळवून दिली.

टिळक ख्रिस्ताकडे कसे पोचले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे, कारण ती एका शोधाची गोष्ट आहे. लहानपणी आई गेली. वडील कडक. मुलगा घर सोडून नाशिकला गेला आणि गणेशशास्त्री लेल्यांपाशी संस्कृत शिकला. पुढे शिक्षकी, कीर्तने, कविता, गावोगाव भटकंती. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने जुन्या ग्रंथांचे काम केले. जातीभेदाने पोखरलेल्या समाजाला एक नवा धर्म हवा आणि तो आपणच स्थापावा, असेही त्यांच्या मनात होते. १८९३च्या सुमारास राजनांदगावच्या गाडीत एका परक्या गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि वाचायचा आग्रह केला. टिळकांनी तो वाचायला घेतला तेव्हा मनात आस्था नव्हती. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि थांबले. शत्रूवर प्रेम करा, डाव्या हाताला कळू न देता दान द्या, ही शिकवण त्यांना सोडवेना. तरीही बाप्तिस्मा घ्यायला जवळपास दोन वर्षे लागली. त्या काळात ते वाचत होते, वाद घालत होते, स्वतःशी झगडत होते. विद्वान, स्वाभिमानी आणि हट्टी माणसाने घेतलेला तो निर्णय होता. धर्मांतर म्हटले की आज लगेच आमिष आणि दबाव हे शब्द येतात. असे प्रकार जिथे घडले तिथे ते निंद्यच आहेत. पण टिळकांना कोणी काय दिले असते? त्यांच्याकडे जे होते तेही त्या निर्णयाने गेले.

त्या काळी ही किंमत किती होती, हे कळायला एक प्रसंग पुरेसा आहे. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांचा चहा घेतल्याबद्दल मोठा गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर प्रायश्चित्ते घ्यावी लागली. चहाच्या एका पेल्यासाठी एवढे. मग चितपावन घरातल्या पंडिताने बाप्तिस्माच घेतल्यावर काय झाले असेल!

ते काय झाले, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे. ‘स्मृतिचित्रे’ मराठीतले थोर आत्मचरित्र आहे, याबद्दल दुमत नाही. आपण ते वाचले असेल, त्यातला गमतीचा भाग वर्गात सांगितलाही असेल. माझी विनंती आहे की बाप्तिस्म्यानंतरची पाच वर्षे पुन्हा वाचा. नवऱ्याने तिला न सांगता धर्म बदलला. हा टिळकांचा दोष होता, आणि ‘स्मृतिचित्रे’ तो झाकत नाही. ती वेडीपिशी झाली. नातलगांनी सांभाळली. लहान मुलगा दत्तू याला घेऊन पंढरपुरात बहिणीच्या आधाराने राहिली. विठ्ठलाच्या पायाशी राहून ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची पत्रे वाचायची, असे तिचे दिवस. पुढे ती त्यांच्याकडे राहायला गेली ती सोवळे-ओवळे बरोबर घेऊनच. वेगळे पाणी, वेगळी चूल.

मग एक दिवस विचार करता करता तिच्या मनातून जात गेली. माणसामाणसांत हा भेद देवाने केला असेल तर तो सगळ्या सृष्टीत, सगळ्या देशांत दिसायला हवा होता. तो तसा दिसत नाही, म्हणजे तो माणसाने केला. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे तिने ठरवले आणि तसे वागली. या वेळी ती ख्रिस्ती झालेली नव्हती. जात आधी गेली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. मला या पुस्तकातली ही पाने सगळ्यात मोलाची वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली, असे तिच्याबद्दल कोणी म्हणू शकत नाही. पाच वर्षे रडून, भांडून, विचार करून ती स्वतःच्या पायांनी तिथे पोचली. टिळक गेल्यावर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ तिनेच पुरे केले. शाळेत न गेलेल्या बाईने! श्रद्धा म्हणजे आतून येणारी गोष्ट असते, हे मुलींना सांगायला याहून चांगले उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

टिळकांनी नाव बदलले नाही. नारायण वामन हेच राहिले, आडनावही तेच. तुकोबांना तर त्यांनी कधीच सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अनेक ख्रिस्ती मंडळींना हे ऐकवत नसे. अनेक हिंदू मंडळींनाही ऐकवत नसे. टिळक दोघांनाही तेच सांगत राहिले. ज्यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांचा बाप्तिस्म्याचा निर्णय पक्का होत गेला ते अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी उतारवयात महिपतींच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. वाट दोन्ही बाजूंनी चालली गेली होती.

आणि टिळक मिशनचे हुकमी माणूस कधीच नव्हते. परदेशी मिशनऱ्यांचा वडीलकीचा आव, पगार देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते, इथल्या ख्रिस्ती माणसाने खाण्यापिण्यात, कपड्यांत, गाण्यांत परक्यासारखे होणे, हे त्यांना सलत राहिले. परक्या चालींवर बसवलेली गीते इथल्या माणसाच्या गळ्यात उतरत नाहीत, म्हणून त्यांनी अभंग आणि पदे लिहिली, कीर्तने केली. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. आज शंभराहून अधिक वर्षांनीही ही कल्पना धीट वाटते. ९ मे १९१९ला ते गेले. दरबार फार टिकला नाही. पण धर्माने परका झालो तरी देशाने आणि भाषेने परका होणार नाही, हे त्यांनी चोवीस वर्षे जगून दाखवले.

हे त्यांनी पहिल्यांदा केले असेही नाही. गोव्यातल्या जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. तुकोबांच्या हयातीतला हा ग्रंथ, मराठी ओवीत. लिहिणारा इंग्रज, पण भाषा आणि छंद आपले. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. तिथल्या चर्चच्या भगिनींनी गळ्यात घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले की ही अक्षरे मला किंवा माझ्या देशातल्या माणसांना कुठे कळतात, लिहायचेच तर संस्कृतात का लिहू नये. खाण्यापिण्यातले आपले नेमही त्यांनी सोडले नाहीत, आणि त्यावरून तिथल्या गुरुभगिनींशी त्यांचे खटके उडाले. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या बायकांना कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा हट्ट होता.

रमाबाईंचे आपल्या जिल्ह्याशी नाते आहे, तेही सांगायला हवे. ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत देवरुखची बालविधवा गोदूबाई जोशी होती. ती शिकली, आणि १८९३मध्ये मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी तिने पुनर्विवाह केला. या लग्नासाठी मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा सगळ्या जिल्ह्याला अभिमान वाटला. पण ही गोदूबाई, म्हणजेच पुढची बाया कर्वे, घडली ती एका ख्रिस्ती बाईच्या घरात, हे किती जण सांगतात? शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, हा इतिहासही खरा आहे आणि तोही मुलांना सांगावा. गोदूबाई मात्र हिंदू राहिली, स्वतःचे मन घेऊन बाहेर पडली आणि आयुष्यभर विधवांसाठी राबली.

दापोलीची मिशन शाळा आपल्याला माहीत आहे. तिथे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे शिकले, पालगडचे साने गुरुजी शिकले. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला उतरले आणि पुढे हर्णैला गेले. ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे त्या जॉन विल्सन यांनी १८२९ साली भारतात आल्या आल्या मराठीचे धडे घेतले ते हर्णैला. नंतर अमेरिकन मिशन रत्नागिरीत आले आणि तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या वेंगुर्ल्याला त्याचे रुग्णालय झाले. मिशनऱ्यांबरोबर इंग्रजी सत्ताही होती आणि त्या सत्तेची गुर्मी काहींच्या अंगात होती, हे मी नाकारत नाही. पण कोकणच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणूस दोनशे वर्षांपासून शिकतो-शिकवतो आहे, इथल्या मातीत पुरला जातो आहे. त्याला अजून किती पिढ्या पाहुणा म्हणणार?

हा प्रश्न जुना झालेला नाही. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. वसईचा हा लेखक. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला, हरित वसईसाठी झटलेला. तरी एक पाद्री संमेलनाध्यक्ष कसा, म्हणून साहित्य महामंडळाला धमकीचे फोन गेले. संमेलन झाले, फादरांनी अध्यक्षपद भूषवले, आणि उस्मानाबादकरांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. जुलै २०२४मध्ये ते आपल्यातून गेले. ज्याने आयुष्यभर मराठीत लिहिले त्याच्या मराठीपणाचा दाखला मागितला गेला, ही जखम आम्हां सगळ्यांना झाली. दाखला मागणाऱ्यांपैकी कोणाच्याही शाळेत ख्रिस्ती टिळक शिकवले गेले असते, तर तो फोन कदाचित गेला नसता.

आपली अडचण मला समजते. वर्गात ख्रिस्त म्हटले की कोणी पालक तक्रार करील, शाळेत धर्मप्रचार चालतो म्हणेल. पण आपण ज्ञानेश्वर शिकवता, तुकाराम शिकवता, श्रीगोंद्याचे शेख महंमद शिकवता. त्या वेळी आपण कोणाला वारकरी करत नाही. कवी कुठे उभा राहून बोलतो आहे, हे सांगितल्याशिवाय कविता कळत नाही म्हणून आपण ते सांगता. टिळकांनाही तेवढेच द्या. जास्त मागत नाही.

म्हणून अगदी साध्या गोष्टी करा, अशी विनंती आहे. टिळकांची कविता वर्गात येईल तेव्हा फळ्यावर त्यांचे जन्मगाव लिहा आणि ते आपल्या जिल्ह्यात आहे हे मुलांना सांगा. १८९५ हे साल सांगा, त्या वर्षी काय झाले ते सांगा आणि घराला त्याची काय किंमत मोजावी लागली तेही. ‘अभंगांजली’तला एखादा अभंग वर्गात वाचा आणि शेजारी तुकोबांचा एखादा ठेवा, मुले स्वतःच नाते ओळखतील. शाळेच्या ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण प्रत ठेवा आणि नववी-दहावीच्या मुलींच्या हाती ती आवर्जून द्या. टिळकांनी घेतलेल्या निर्णयावर वर्गात वाद होऊ द्या. त्यांचे चुकले असे कोणी म्हणाले तरी चालेल. लक्ष्मीबाईंनाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

आणि आपल्या वर्गात एखादा ख्रिस्ती मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या दिवशी त्याला किंवा तिला उभे करून “तुमचे कवी” म्हणू नका. “आपले कवी” म्हणा, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे.

आपला नम्र,
रत्नागिरीतला एक मराठी ख्रिस्ती